रोजच्या वापराची लेन्स

दुकानदारानं लेन्स कॅमेऱ्यावर चढवली, ती टक्‌ करून बसली तशी समाधानानं मान डोलावली आणि कॅमेरा त्याच्या हातात देत म्हणाला, "इथे आत काय बघताय? माझी कपाटं बघून लेन्स कळायची नाही. दारात उभे राहा. बाहेर बघा, वाट्टेल तेवढं लांब बघा." म्हणून तो दारात जाऊन उभा राहिला. पुढच्या आठवड्यात तो आणि त्याची बायको सुट्टीला निघणार होते, तळ्याकाठच्या एका लहानशा हॉटेलात, आणि जुन्या लेन्सला आतून बुरशी धरलेली होती. काचेच्या एका कडेनं जाळीदार पांढरा डाग पसरत गेला होता आणि फोटोतलं आभाळ एका बाजूला कायम गढूळ यायचं. नवी हवी होती, पण फार महागाची नको, फार जडही नको. रोज गळ्यात अडकवता येईल अशी, जवळचं आणि थोडंफार लांबचं दोन्ही टिपणारी, एकदा घेतली की पुन्हा विचार करायला नको अशी. बायको आत यायला तयार नव्हती. "तू बघ सावकाश. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि तुझं उरकेपर्यंत त्या माणसाशी हसून हसून माझे गाल दुखतील," असं म्हणून ती रस्ता ओलांडून समोरच्या बाकावर जाऊन बसली होती.

त्यानं आधी पलीकडच्या इमारतीवरचं घड्याळ बघितलं. मग एका पाटीवरची अक्षरं. मग विजेच्या तारेवरचं कबूतर, त्याच्या मानेचा हिरवाजांभळा रंगसुद्धा दिसला आणि त्याला मजा वाटली. मग गंमत म्हणून त्यानं बाकावरच्या बायकोकडे कॅमेरा वळवला. तिच्या नकळत एक फोटो काढायचा आणि परत गेल्यावर दाखवायचा, बघ, केवढ्या लांबनं काढलाय, एवढाच विचार होता. त्यानं झूमचं कडं फिरवत नेलं, बाक जवळ आला, बाकाचे दांडे निघून गेले, मांडीवरची पिशवी निघून गेली आणि चौकटीत फक्त तिचा चेहरा उरला.

त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण भलत्याच बाईवर कॅमेरा धरलाय.

ती रडत नव्हती. दुःखीही दिसत नव्हती, निदान ज्याला आपण दुःख म्हणतो त्याची एकही खूण चेहऱ्यावर नव्हती. डोळे उघडे होते आणि रस्त्याकडे होते, पण रस्ता बघत नव्हते. गाल खाली आले होते, ओठ नुसते एकमेकांवर ठेवलेले होते. तो कवळ्या करणारा माणूस. दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या साच्यांवरून कवळ्या घडवण्यात त्याचा जन्म गेलेला. दात गेले की चेहऱ्याचा खालचा भाग कसा बसतो, नाक आणि हनुवटी कशी जवळ येतात, आधार काढून घेतल्यावर कातडीला कुठे जायचं ते कसं कळेनासं होतं, हे त्याला पाठ होतं. तिचे तर सगळे दात शाबूत होते. तरीही कुणीतरी आतून काहीतरी काढून घेतल्यासारखा तो चेहरा बसला होता. त्याचं बोट बटणावर होतं. ते दाबलं गेलं नाही.

तेवढ्यात लहान मुलाची गाडी ढकलत एक बाई बाकापाशी आली आणि तिनं काहीतरी विचारलं, बहुधा पत्ता. बायकोचा चेहरा त्या क्षणी उजळला. गाल वर गेले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, मान एका बाजूला कलली. तिनं हात लांब करून रस्ता दाखवला, गाडीतल्या मुलाकडे वाकून काही बोलली, त्या बाईलाही हसवलं. बाई निघून गेली आणि हसू गेलं. ते ओसरलं नाही, विरलं नाही, उरलंसुरलं ओठांच्या कडेला रेंगाळलंही नाही. होतं आणि नव्हतं. आणि त्यानं कॅमेरा खाली घेतला तो त्या रिकाम्या चेहऱ्यामुळे नाही, तर ते हसू ओळखीचं होतं म्हणून. रोज संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा दारात त्याला मिळतं ते हेच. थोडंही कमीजास्त नाही, जे त्या वाटसरू बाईला मिळालं तेच.

"कशी आहे?" दुकानदारानं आतून विचारलं.

"लांबचं दिसतं," तो म्हणाला.

"दिसणारच की! त्याचेच तर जास्त मोजायला लागतात," दुकानदार खूश होऊन म्हणाला. हा माणूस बोलायला लागला की थांबायचं नाव घेत नसे. त्यानं काचेवर आणखी दोन लेन्स मांडल्या. एक आखूड, स्वस्त, कॅमेऱ्याबरोबर येते तसलीच. एक कुणीतरी वापरून विकलेली, उजेड कमी असला तरी चालणारी, पण हातात घेतली की वजनानं मनगट वाकावं अशी. आणि कॅमेऱ्यावर चढवलेली ही लांब पल्ल्याची. "माझं ऐका," तो म्हणाला, "घरी जा, आजवर काढलेले फोटो कॉम्प्युटरवर उघडा. कुठला फोटो कितीच्या झूमवर काढलाय ते फोटोबरोबरच नोंदलेलं असतं. मग कळतं, आपल्याला लांबून बघायची सवय आहे की जवळून. लोकांना वाटतं एक आणि असतं भलतंच. एक गिऱ्हाईक यायचं, पक्षी पक्षी करत. शेवटी निघालं काय, तर सगळे फोटो नातवंडांचे."

तो विचार करतो म्हणाला आणि बाहेर पडला. रस्ता ओलांडताना त्यानं मान वर केली नाही, कारण तिला तयारीला वेळ मिळावा असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचीच भीती वाटली. बाकापाशी पोचून त्यानं वर बघितलं तेव्हा हसू आलेलं होतं. "नाही घेतलीस? अरे देवा. तू आणि तुझा विचार! सुट्टी संपवून परत आल्यावर घेशील," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून चालू लागली. हात ऊबदार होता. बोटं नेहमीसारखी दंडावर विसावली होती. त्याला वाटलं, हात तरी खरा असेल. हातांना खोटं वागता येत नसावं. मग वाटलं, का येत नसावं?

त्या दिवसापासून तो घरात पाहुण्यासारखा वागू लागला. स्वयंपाकघरात जाण्याआधी पाय वाजवायचा, खोकायचा. ती भाजी चिरत पाठमोरी उभी असली की त्या पाठीकडे बघत राहायचा. पाठीला चेहरा नसतो, पण खांदे असतात, आणि ते खांदे त्याची चाहूल लागताच अगदी थोडे वर उचलले जातात हे त्याला दिसलं. इतकी वर्षं तो त्याला लगबग समजत आला होता. ती बोलायची छान, नेहमीसारखी. ती पाणीखात्याच्या तक्रारींच्या फोनवर काम करायची. नळ कोरडे पडलेले, पाईप फुटलेले, बिलं चुकलेली, सगळे लोक सकाळपासून तिच्यावर ओरडत असायचे आणि त्यातल्या वल्लींच्या नकला ती जेवताना करायची. परवा एका आजोबांनी म्हणे विचारलं होतं, बाई, तुम्ही खऱ्या आहात की मशीन? "मी म्हटलं, आजोबा, मशीन असते तर एव्हाना बिघडले नसते का!" ती सांगत होती. तो हसला. हसताना तिच्याकडे बघत होता आणि आता ही गोष्ट संपल्यावर काय होईल याची वाट बघत होता. काही झालं नाही. तिनं त्याच्या ताटात वाढलं. आपण तिच्यावर पाळत ठेवतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं नजर ताटात वळवली.

प्रयोगशाळेत, म्हणजे दवाखान्यांच्या मागच्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांना सगळे प्रयोगशाळा म्हणत म्हणून, तो मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवत होता. समोर त्याचा जोडीदार बसायचा. प्रत्येक गोष्टीवरची प्लास्टरची पूड फुंकून उडवायची त्याला सवय, अगदी चहाच्या कपावरसुद्धा, म्हणून त्याचं नाव फुंकऱ्या पडलं होतं. फुंकऱ्या नवा होता तेव्हा दात ओळीनं बसवायचा, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी करावीत तसे, आणि यानंच त्याला शिकवलं होतं, असं नाही चालत, एखादा किंचित आत ढकल, एखाद्याची कड झिजव, सुळा जरा फिरव. माणसाचं हसू एका बाजूला जास्त उघडतं. दोन्ही बाजू सारख्या आल्या की लोकांना का ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. हे त्यानं कितीतरी जणांना शिकवलं होतं. मेणाची सुरी दिव्यावर धरून बसला असताना त्याला ते आठवलं आणि सुरी तापून मेण भसकन वितळलं, चार दात सरकले.

"काय साहेब, सुट्टी आत्ताच सुरू झाली वाटतं?" फुंकऱ्या म्हणाला. "लेन्स ठरली का?"

"नाही."

"अहो, घ्या कुठलीही. वहिनी छान दिसतात. त्यांचा फोटो साध्या डबड्यानं काढला तरी हसराच येतो."

रविवारी दुपारी ती शेजारणीकडे गेली असताना त्यानं दुकानदारानं सांगितलं तसं केलं. जुने फोटो उघडून बसला. आकडे बघायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात कळलं, दुकानदाराचं खरं होतं. आपल्याला माणसांची आवड आहे असं तो समजत होता, पण जवळजवळ सगळे फोटो लेन्स जाईल तितकी लांब नेऊन काढलेले होते. पूल, मनोरे, डोंगरांच्या रांगा, समुद्रातली होडी. बायको होती, बऱ्याच फोटोंत होती, पण कडेला. तिला तो उभी करायचा, म्हणजे शेजारच्या झाडाच्या उंचीचा अंदाज यावा. 'थोडी डावीकडे. अजून. हां, तिथेच,' आपला आवाज त्याला ऐकू आला. आणि ती तिथेच उभी राहिलेली, वर्षानुवर्षं, हसत. मग त्याचे आकडे बघायचे राहिले. तो एकेक फोटो मोठा करून फक्त तिचं हसू बघू लागला, डॉक्टरांनी पाठवलेला साचा बघावा तसा. वरचे दात दिसायचे, खालचे नाही. ओठांच्या दोन्ही कडा एका उंचीवर. पुलावर तेच, मनोऱ्याखाली तेच, लेकीच्या पदवीच्या समारंभात तेच, त्याच्या आईच्या आजारपणानंतर सगळे पहिल्यांदा बाहेर पडले होते तिथेही तेच. एकावर एक ठेवले असते तर रेघ हलली नसती.

तो मागे मागे गेला. अगदी सुरुवातीच्या फोटोंत हसू वेगळं होतं. डावीकडे ओठ जास्त वर जायचा, हिरडी दिसायची, एक डोळा मिटायचा, काही फोटोंत तर ती हलल्यामुळे पुसट झालेली होती आणि तेव्हा तो तिच्यावर चिडला होता, जरा स्थिर उभी राहा की. म्हणजे कधीतरी ते बदललं. कधी? त्याला आता उकल हवी होती. त्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी काहीतरी घडलं असलं पाहिजे. आपण काहीतरी बोललो असू, काहीतरी केलं असेल किंवा करायचं टाळलं असेल. त्यानं दोन्हीकडून शोध आवळत आणला. शेवटी एका सहलीचे फोटो उरले. एका फोटोत हिरडी दिसत होती, पुढच्यात दिसत नव्हती. मध्ये काय झालं होतं? त्यानं डोळे मिटून आठवलं. ऊन होतं. लेक सायकल मागत होती. त्यांनी सरबत प्यायलं, मग बोटीत बसले, बोटवाल्यानं नावाड्याचं गाणं बेसूर म्हटलं आणि सगळे हसले. भांडण नव्हतं, उणंदुणं नव्हतं. त्या दिवशी काहीच झालं नव्हतं. त्यानं पुन्हा पुन्हा आठवलं, वळचणीतला कचरा काढावा तसा तो दिवस उपसला. एखादा गुन्हा सापडला असता तर बरं झालं असतं. गुन्ह्याची माफी मागता येते. इथे नुसतं ऊन होतं, सरबत होतं आणि पुढचा फोटो होता.

त्यानं लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती, या सुट्टीची कल्पना तिचीच. बाबा, आईला कुठेतरी घेऊन जा, असं ती गेले कितीतरी महिने म्हणत होती, आणि तो समजत होता की आपण फार काम करतो म्हणून ती म्हणते. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, "आई आनंदात असते का गं?"

पलीकडे कसलीतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "का रे?"

"सहज. आपलं विचारलं. परवा मी तिला लांबनं बघितलं. ती... ती एकटी बसली होती."

"बाबा," लेक म्हणाली, "तुला आत्ता दिसलं?"

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी कॉलेजात असताना एकदा लवकर घरी आले होते. ती खिडकीपाशी अशीच बसली होती. मला बघितलं आणि लगेच उठून हसायला लागली. मी विचारलं खूप. म्हणाली काही नाही गं. नंतर मी विचारायचं सोडलं." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, तुला माहीत असेल. तू काहीतरी करत असशील."

बोलायला हवं होतं. निघायचा दिवस जवळ आला, पलंगावर बॅग उघडी पडली आणि संध्याकाळच्या उजेडात ती कपड्यांच्या घड्या घालत बसली. तो समोर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी सायकलला तेल घालत होतं, साखळी फिरल्याचा आवाज येत होता. आता नाही तर कधीच नाही, असं त्याला वाटलं.

"परवा मी तुला बघितलं," तो म्हणाला.

"कुठे?"

"दुकानासमोर. बाकावर बसली होतीस तेव्हा. लेन्समधनं."

"मग? फोटो काढलास का?"

"नाही."

"का? ध्यान दिसत होते वाटतं!"

"ध्यान नाही. तू... कोणी वेगळीच दिसत होतीस."

हातातल्या सदऱ्याची घडी अर्धी राहिली. चेहऱ्यावरचं हसू अजून गेलं नव्हतं, पण आता त्याचं काय करावं हे तिला सुचत नसावं. "किती वेळ बघत होतास?"

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे किती?"

"ती गाडीवाली बाई आली, गेली, तोवर." त्यानं मोजे खाली ठेवले. "तुला काही होतंय का? माझं काही चुकलंय का? जे असेल ते सांग. मी रागावणार नाही. काहीही असू दे."

"तुझं काही चुकलं नाही रे," ती म्हणाली. इतक्या साधेपणानं म्हणाली की ते खरं होतं हे त्याला लगेच कळलं, आणि शेवटचा आधार निसटावा तसं झालं. तिनं सदऱ्याची घडी पुरी केली, बॅगेत ठेवली, वरून हात फिरवला. "मलाही नाही माहीत. कुणालाच दोष नाही त्यात. दिवसभर फोनवर हसावं लागतं. तोंड हसलं नाही की आवाज हसत नाही, लोकांना कळतं ते. मग घरी येते. तुझ्याशी हसते ते खोटं नसतं. पण ते आणावं लागतं मला. उचलून आणावं लागतं. आणि कुठे बसमध्ये, जिन्यात, बाकावर, कुणी ओळखीचं नसलं की मी ते खाली ठेवते. हातातलं ओझं ठेवतात तसं. बस, एवढंच."

"मग घरी ठेव ना खाली. माझ्यासमोर ठेव. मी काय परका आहे?"

तिनं पुढचा सदरा मांडीवर घेतला. "ठेवलं होतं. एकदोनदा ठेवून बघितलं. तू विचारलंस, काय झालं, डोकं दुखतंय का, चहा करू का, डॉक्टरकडे जाऊ या का. आणि तुझा चेहरा इतका कावराबावरा झाला की शेवटी मलाच तुझी समजूत काढावी लागली. त्याचे जास्त कष्ट पडले. त्यापेक्षा हसणं सोपं जातं."

खालची साखळी फिरायची थांबली. तो म्हणाला, "मला आठवत नाही."

"नाहीच आठवणार. विशेष काही नव्हतंच ते." मग तिनं बॅगेची चेन उगाचच पुढेमागे केली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, चढला म्हणजे थोडा खरखरीत झाला. "तेवढ्याच जागा होत्या रे माझ्या. आता तिथेही तू आलास. बसमध्ये बसले तरी मला वाटणार, कुठनं तरी बघत असेल. लांबून. मला कळणारसुद्धा नाही."

"नाही बघणार मी. शपथ."

"बघशील. मुद्दाम नाही बघणार, पण बघशील. मी असते तर मीही बघितलं असतं."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं गेलं, आणि आपला चेहरा आता नक्की तसाच, तिनं सांगितला तसाच, कावराबावरा झालाय हे त्याला आतून कळत होतं. गालांत, भुवयांत कळत होतं, पण तो बदलता येत नव्हता. तिनं ते बघितलं. आणि तिचे गाल वर गेले, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, मान कलली. "अरे वेड्या, एवढं काही नाही," ती म्हणाली आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "चल, ते मोजे दे इकडे. तुझे दोन्ही पाय दोन रंगांचे निघतील."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच दुकानात गेला. दुकानदारानं लांब पल्ल्याची लेन्स आधीच काढून ठेवली होती. "बघितलेत का जुने फोटो? लांबचेच निघाले ना? मला चेहऱ्यावरून कळतं. हीच घ्या. एकाच लेन्समध्ये सगळं. सुट्टीत तळं, डोंगर, पाणपक्षी..."

"ती आखूड द्या," तो म्हणाला.

"ही? अहो, लांबचं काही म्हणजे काही येणार नाही हिच्यात. पलीकडच्या काठावरचा माणूस मुंगीएवढा दिसेल. माझं नुकसान होतंय म्हणून नाही सांगत, पण नंतर हळहळाल."

"मुंगीएवढाच बरा."

दुकानदारानं खांदे उडवले आणि आखूड लेन्स पुसून खोक्यात घातली. काटकसरी माणूस म्हणून त्याच्याबद्दल थोडा आदर आणि थोडी कीव अशा नजरेनं बघत त्यानं एक पुसायचं फडकं फुकट दिलं. बाहेर आल्यावर समोरचा बाक रिकामा होता. तो तिकडे न बघता फुटपाथवरनं सरळ चालत गेला. खोकं हलकं होतं. आपण आयुष्यात पहिल्यांदाच नीट विचार करून एखादी वस्तू घेतली आहे, आणि तिचा कुणालाच उपयोग नाही, असं त्याला चालता चालता वाटत राहिलं.

हॉटेल छान होतं. खोली पहिल्या मजल्यावर होती आणि तिची मोठी खिडकी थेट तळ्यावर उघडत होती. खाली गवताचा उतार, मग पायवाट, मग पाणी. पहिल्या दिवशी दोघं मिळून हिंडले. त्यानं तिचे फोटो जवळून काढले, अगदी हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून, आणि ती प्रत्येक फोटोत हसली. दोघंही खूप बोलले. हॉटेलातल्या बाकीच्या लोकांना ते एखादं सुखी, जरा जास्तच बडबडं जोडपं वाटलं असणार. संध्याकाळी पायऱ्या चढताना तिनं कठडा धरला आणि क्षणभर थांबली. ती दमली होती. चालण्यानं दमली नव्हती. त्याला ते दिसलं, आणि आपल्याला दिसलं हे तिला दिसू नये म्हणून तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर तो म्हणाला, "माझी पाठ जरा धरलीय. मी पडतो. तू जा, फिरून ये सावकाश."

"एकटी?"

"मग काय झालं? मी झोपतोय. गाढ झोपतो मी, तुला माहितीय."

ती दारात उभी राहिली. तिनं त्याच्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. मग शाल घेतली आणि गेली. तिची पावलं जिन्यावरून उतरून पायवाटेवर आली, आणि तो उठला, खिडकीपाशी गेला, आणि खाली नजर जाण्याआधी त्यानं दोन्ही पडदे ओढून घेतले. खोलीत तपकिरी अंधार झाला. तो पलंगाच्या कडेला, खिडकीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला. हेच रोज चाललं. तिसऱ्या दिवशी त्यानं पाठीचं कारण सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. सकाळी ती शाल घ्यायची, तो पडदे लावायचा. दुपारी ती परत यायची, गालांना वारा लागलेला असायचा, हसायची, तो हसायचा, मग दोघं जेवायला जायचे. दोघांमध्ये कधी नव्हता इतका समजूतदारपणा आला होता, आणि या समजूतदारपणावर बोलायची सोय नव्हती. भिंतीवर एका जहाजाचं चित्र होतं. त्याची शिडं, दोर, सगळं त्याला पाठ झालं. आपण तिला देऊ शकतो अशी ही एकच गोष्ट आहे, तो विचार करायचा, आपण नसणं. बाकी जे जे आपण आणून दिलं, ते तिला हसून घ्यावं लागलं.

एकदा खोली झाडायला आलेली बाई सरळ खिडकीपाशी गेली आणि तिनं खसकन पडदे उघडले. "अगंबाई, असा देखावा टाकून अंधारात काय बसलात? लोक या खिडकीसाठी भांडतात इथे."

उजेड भिंतीवर, जहाजावर पडला. तो उठला, तोंड भिंतीकडेच ठेवून उलट्या पावलांनी मागे सरकत गेला आणि चाचपडत एक पडदा धरून ओढला, मग दुसरा.

"डोळे दुखतात का तुमचे?" बाईनं नरमून विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"मग उगीच आलात इतक्या लांब," ती कळवळून म्हणाली, पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि दार हलकेच ओढून घेऊन गेली.

तो परत जागेवर बसला. पडद्यामागची खिडकी थोडी उघडी राहिली असावी, कारण वारा आत येत होता, आणि वाऱ्याबरोबर खालचे आवाज. पाण्याचं चुबकणं, कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं, एक बोट काठाला घासली. मग एक बाई हसली. मोठ्यानं हसली, मोकळी, मध्येच श्वास अडकला आणि नाकातून आवाज आला तशी आणखीच हसत सुटली. जवळूनच कुठूनतरी, उताराच्या खालून. त्याची मान ताठ झाली. तो कान देऊन ऐकू लागला. ती असेल. ती नसेलही, हॉटेल बायामाणसांनी भरलेलं होतं, तळ्यावर दिवसभर माणसं येत होती. त्यानं आठवायचा प्रयत्न केला, ती खरी हसते तेव्हा आवाज कसा येतो. नाकातून येतो का? श्वास अडकतो का? फोटोंना आवाज नसतो. त्याला काही आठवेना. तीन पावलांवर पडदा होता, एका बोटानं बाजूला झाला असता. ते हसणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, आता थोडं लांब गेलं. तो दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला आणि ते पार ऐकू येईनासं होईपर्यंत भिंतीकडे बघत राहिला.